स्टेपनीच्या खड्ड्यातला डबा

माझ्या गाडीच्या डिकीत, स्टेपनीच्या खड्ड्यात, एक काळा फायबरचा डबा बसवलेला आहे. त्यात बारा इंची वूफर आहे आणि मागच्या सीटच्या पाठीला, मी स्वतः केलेल्या लोखंडी घोडीवर, ॲम्प्लिफायर. पेणपासून रोह्यापर्यंत असा आवाज कुणाच्या गाडीत नाही. हे मी म्हणत नाही, रोह्याशेजारच्या अष्टमी गावचे चाचा म्हणतात, आणि त्यांची निम्मी हयात आखातात गाड्यांना सिस्टिम बसवण्यात गेली आहे. मी ती लावत नाही. कंपनीतले तिघे रोज माझ्या गाडीतून येतात, ते सुरुवातीला म्हणायचे, लाव की रे जरा. आता म्हणत नाहीत. पेणजवळच्या जिते गावातल्या कारखान्यात दादाच्या जागेवर दुसरा माणूस बसतो. सांगून काही होणार नाही, पण सांगतो.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. गणपतीचे साचे बनवायचा. पेणचा गणपती सगळ्यांना ठाऊक असतो, रंगवणारे ठाऊक असतात, डोळे आखणाऱ्याचे तर फोटो निघतात, पण साचेवाल्याला कोण विचारतो? आणि खरं बघाल तर सगळं त्याच्यावर असतं. एका साच्यातून हजार मूर्ती निघतात. नाक अर्धा सूत वाकडं गेलं की हजार घरांत वाकड्या नाकाचा गणपती बसला म्हणून समजा. दादाने जित्याच्या एकाच कारखान्यात वीस वर्षं साचे केले आणि एक नाक वाकडं गेलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर त्याला झटका आला. उजवी बाजू गेली. पाय दोन महिन्यांत आला, हात काही लवकर येईना. घास तोंडापर्यंत जायला लागला, बोटं वळायला लागली, पण कप उचलला की निम्मा चहा बशीत. मग त्याने चारचौघांत बसणंच सोडलं. आला-गेला म्हणायचा, "होईल हो, पहिल्यासारखं होईल." वहिनी तेच, माझी बायको तेच. दादा मान हलवायचा आणि खिडकीशी बसून उजव्या हाताकडे बघत राहायचा, शेजाऱ्यांची वस्तू चुकून आपल्याकडे राहिली असावी तसा.

कारखान्याचे शेठही भेटायला आले. दादासमोर "होईल, होईल" म्हणाले, आणि दारात चपला घालताना मला हळूच म्हणाले, "मोठा साचा बिघडला तर माझा अख्खा सीझन जातो रे. त्याच्या जागेवर अजून कुणाला घेतला नाय मी. त्याने हाताने केलेलं एक कायतरी मला दाखव. फायबरचं काय पण. हात बसला असेल तर माझ्या लक्षात येईल." मी आत गेलो आणि दादाला शब्दन् शब्द सांगितला. वहिनीने माझ्याकडे डोळे वटारले. दादा मात्र सरळ होऊन बसला. म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. कधीपर्यंत दाखवायचं?" सीझनचे साचे सुरू व्हायला तेव्हा तीनेक महिने होते.

त्याच दिवसांत माझं गाडीचं खूळ चाललं होतं. मी रोह्याच्या एका कंपनीत फिटर आहे, रोज पेणहून जातो-येतो. गाडी जुनी, पत्रा थकलेला, आणि मला हवा वूफर. वहिनी म्हणायची, "भावोजी, नाकापेक्षा मोती जड होईल." अष्टमीच्या पुलापलीकडे चाचांचं छोटं दुकान आहे, त्यांच्याकडून मी वूफर आणि ॲम्प घेऊन ठेवला होता. प्रश्न डब्याचा होता. प्लायचा डबा केला तर सगळी डिकी भरते. चौघांच्या डब्याच्या पिशव्या, रेनकोट, सेफ्टी शूज जाणार कुठे? चाचा म्हणाले, "तिकडं आम्ही स्टेपनीच्या खड्ड्यात बसवायचो. खड्ड्याच्याच आकाराचा फायबरचा डबा. वरची डिकी मोकळी. पण त्याला खड्ड्याचा साचा काढणारा पायजे. इथं कोण हाय तसा?"

मी म्हटलं, आहे.

चाचांनी दोनदा बजावलं. डबा हवाबंद पाहिजे, सुईएवढीसुद्धा फट नको. वूफर आत-बाहेर हलतो तेव्हा आतली हवा दाबली जायला हवी, ती निसटली की आवाज मेला. मी हे दादाला सांगितलं तेव्हा तो हसला. म्हणाला, "वीस वर्षं फायबर लावतोय, मला फट शिकवतोस?" झटक्यानंतर तो पहिल्यांदा असा बोलला, आणि मला इतकं बरं वाटलं की वूफर मिळाला नसता तरी चाललं असतं.

एका रविवारी आम्ही स्टेपनी काढून दादाच्या पलंगाखाली ढकलली. खड्ड्यात प्लास्टिकचा कागद अंथरला. दादाने पाट टाकून डिकीशी बैठक मारली आणि मला कामाला जुंपलं. मी पीओपी कालवायचं, काथ्या पिंजायचा, तो डाव्या हाताने लावत जाणार. तासाभरात खड्ड्याची पांढरी छाप तयार झाली, मोठ्या परातीएवढी. ती बाहेर काढून त्याने परसदारी उपडी ठेवली. आता त्या छापेवर फायबरचे थर चढवायचे, पण त्याआधी फायबरच्या जाडीएवढी छाप घासून कमी करायची, नाहीतर डबा खड्ड्यात उतरणार नाही. हे घासणं त्याने उजव्या हाताने सुरू केलं. मनगटाला डाव्या हाताचा टेकू देऊन.

पुढचं काम त्याने एकट्याने केलं, कारण आठवड्याचे सहा दिवस मी शिफ्टला आणि गाडी माझ्याबरोबर. मी यायचो तेव्हा घरभर रेझिनचा वास. वहिनी म्हणायची, भातालासुद्धा तोच वास येतोय, आणि असं म्हणताना हसायची. पहिले दोन थर ओबडधोबड होते, ते त्याने स्वतःच फोडून टाकले आणि पुन्हा केले. मग कधीतरी मनगटाखालचा टेकू सुटला. एकदा मी फर्स्ट शिफ्ट करून आलो तर दादा ओट्यावर, रस्त्यावरच्या माणसांदेखत, चहा पीत बसला होता. बशी आत राहिली होती.

ॲम्पची घोडी हे माझं काम. ॲम्प सरळ डब्यावर ठोकला की हादऱ्याने त्याचे आतले टाके सुटतात, म्हणून तो वेगळा पाहिजे. कंपनीच्या भंगारातून विचारून आणलेल्या अँगलचे दोन तुकडे, चार पाय, प्रत्येक पायाखाली सायकलच्या ट्यूबचं रबर, आणि मागे हवा खेळायला दोन बोटं जागा. सांगायला सोपं आहे. पहिला अँगल मी हातोडीने वाकवायला गेलो तो भलतीकडेच वाकला, आणि मी तो परसात भिरकावून दिला. हे माझं नेहमीचं. दादाने तो उचलून आणला, दगडावर ठेवून हळूहळू सरळ केला आणि म्हणाला, "रागाने लोखंड ऐकत नाय रे." उजव्या हाताने केला होता सरळ. ते माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

डबा पुरा झाला त्या रविवारी मी तोंड धुऊन येईपर्यंत दादाने तो खड्ड्यात बसवूनसुद्धा ठेवला होता. आतून-बाहेरून काळा रंग, असा बसलेला की कडेला पोस्टकार्ड जाणार नाही. मी आत कापूस भरला, वर प्लायचं झाकण, झाकणात वूफर, सगळ्या कडांना सिलिकॉन. बॅटरीपासून वायर ओढली, बॅटरीजवळच फ्यूज टाकला, अर्थिंगसाठी पत्र्याचा रंग खरवडला. सगळं जिथल्या तिथे. सिलिकॉन वाळायला एक दिवस लागतो, तो दिला. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. घरी एकदा लावून बघायची साधी अक्कल मला सुचली नाही. उलट मीच मोठ्या तोंडाने म्हटलं, "पहिला आवाज शेठच्या दारात." फोन करून तसं शेठना सांगूनही ठेवलं.

दादाने त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

जित्याला कारखान्याच्या अंगणात गाडी लावली. शेठ बाहेर आले, मूर्ती घासणाऱ्या बायका हात पुसत आल्या. मी डिकी उघडली. शेठनी डब्याच्या काठावरून हात फिरवला, वाकून बघितलं आणि म्हणाले, "फिनिशिंग बरं हाय." मला दादाचा श्वास ऐकू येत होता. मग मी गाणं लावलं.

ढोल पडायला हवा तिथे फस्स झालं. पुन्हा फस्स. मी आवाज वाढवला तशी ती फसफस वाढली आणि वूफरचा कागद पिसाटासारखा पुढे-मागे व्हायला लागला. एक बाई दुसरीला म्हणाली, "ह्याला गॅस झालाय वाटतं गो." सगळं अंगण हसलं. शेठ हसले. दादाही थोडा हसला. मी बंद केलं. शेठनी दादाच्या पाठीवर हात ठेवला, "होतं असं. बघू या. होईल, होईल," म्हणाले आणि कुणाचा तरी फोन आला म्हणून आत गेले.

जिते ते पेण अंतर ते किती. तेवढ्यात मी जे करायचं ते करून बसलो. बायका हसल्या ते मला झोंबलं होतं. दादाची कीव आली असती तर गोष्ट वेगळी, मला माझी लाज वाटली होती, फोन करून केलेल्या बढाईची. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हटलं, "दादा, हात गेलाय तुझा. सगळे होईल होईल म्हणतात ना, ते तुझ्या तोंडावर. काय होणार नाय. एक डबा हवाबंद करता येत नाय तुला, साचे काय करणार? सोड आता नाद."

तो खिडकीबाहेर बघत होता. पेण आलं तेव्हा म्हणाला, "बरं."

घरी गेल्यावर त्याने ब्रश, कानशी, पॉलिश पेपर, उरलेलं रेझिन सगळं एका गोणीत भरलं आणि वहिनीला म्हणाला, हे माळ्यावर टाकून दे. वहिनीने मला विचारलं, काय झालं? मी म्हटलं, आवाज नाय आला नीट. खोटं नव्हतं ते.

बुधवारी शिफ्ट सुटल्यावर मी पूल ओलांडून अष्टमीला चाचांकडे गेलो. वूफर परत घ्या म्हणणार होतो, मला तो डोळ्यांसमोर नको होता. चाचांनी आधी ऐकला. म्हणाले, "वूफर चांगला हाय. हवा जाते कुठनंतरी." कडेकडेने तळहात फिरवला, काही लागलं नाही. मग त्यांनी झाकणासकट डबा खड्ड्यातून उचलला आणि दुकानासमोर गोणपाटावर पालथा घातला. दोघेही बघत राहिलो. तळाला बरोबर मधोमध एक भोक होतं. अंगठा जाईल एवढं, रुपयासारखं गोल, काठ पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलेला.

चाचा म्हणाले, "ह्याने हे कशाला ठेवलंन? पाणी जायला?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं. मी हसायलाच लागलो. गणपती आतून पोकळ असतो. तळ बंद ठेवला तर विसर्जनाच्या दिवशी मूर्ती पाण्यावर तरंगत राहते, आणि तरंगणारा गणपती म्हणजे कारखान्याची छी-थू. म्हणून तळाला भोक ठेवतात. पाणी आत शिरतं आणि देव सरळ खाली बसतो. दादाने वीस वर्षं मूर्तीच्या तळाच्या प्रत्येक साच्यात ते भोक ठेवलं होतं. छाप उपडी ठेवलेली, तळ वर आलेला, समोर दिसला तळ की हाताने आपोआप भोक ठेवलं, काठ घासला, रंग दिला. डोक्याला विचारलंसुद्धा नाही. डबा हवाबंद ठेवायचा हे डोक्याला माहीत होतं, हाताला माहीत होतं ते हे.

चाचांनी भोकातून अंगठा फिरवला. "असं गोल मशीनवर पण येत नाय," म्हणाले. "भाऊ तुझा कारागीर हाय."

मी हसायचा थांबलो. गाडीत त्याला काय बोललो ते सगळं आठवलं. हात गेला नव्हता. हात पहिल्यासारखा झाला होता, इतका की त्याच्या जुन्या सवयीसुद्धा परत आल्या होत्या. सगळे त्याला होईल म्हणत होते आणि झालं होतं. नाही म्हणणारा मी एकटा, आणि चुकलो होतो तोही मी एकटाच.

चाचांनी रबराचं एक बूच शोधून भोकात दाबलं, डबा बसवला आणि गाणं लावलं. दुकानाचं शटर थरथरलं. शेजारचा केळीवाला उठून बघायला आला. मी त्यांना धड थँक्यूसुद्धा न म्हणता गाडी काढली.

घरी न थांबता पेण ओलांडून थेट जित्याला गेलो आणि शेठना सगळं सांगितलं. ते खुर्चीत मागे रेलून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "बुडायला भोक ठेवलंन! अरे, मग हात बसलाच की त्याचा." तिथल्या तिथे चपला घातल्या आणि माझ्या गाडीत येऊन बसले. "मीच सांगतो त्याला. सोमवारपासून ये म्हणून."

दादा खिडकीशी होता. शेठनी भरभरून सांगितलं, मी मधेमधे सांगितलं, वहिनी दाराला धरून रडत-हसत होती. दादाने सगळं ऐकून घेतलं. मी त्याला हाताला धरून गाडीशी नेलं, डबा पालथा केला, बूच काढून दाखवलं. त्याने वाकून बराच वेळ बघितलं. मग शेठना हात जोडले. "तुम्ही घरी आलात, लय झालं. पण नको शेठ. दुसरा बघा कोण तरी." शेठनी परोपरीने समजावलं. तो आपला हात जोडूनच उभा. शेवटी शेठ म्हणाले, दोन दिवस विचार कर, आणि रिक्षा करून गेले.

आम्ही दोघेच गाडीपाशी राहिलो. मी चिडलो होतो. म्हटलं, "नको काय? एवढे ते स्वतः आले!"

दादा म्हणाला, "हे भोक तू पाडलंस."

मला आधी कळलंच नाही. "मी?"

"ड्रिलने पाडलंस आणि वरनं पॉलिश पेपर मारलास. एवढं गोल भोक माझ्याच्याने आता पडेल व्हय?"

मी आईची शपथ घेतली. मुलांची घेतली. चाचांना फोन लावून त्याच्या कानाला दिला. त्याने "व्हय, व्हय, बरं," करत शांतपणे ऐकलं आणि फोन मला परत दिला. "त्यांना पण सांगून ठेवलंस," म्हणाला. "शेठला पण."

"दादा, त्या दिवशी मी रागात बोललो रे. खोटं बोललो."

"नाय," तो म्हणाला. "त्या दिवशी तू खरं बोललास. मला वाईट वाटलं, पण म्हटलं चला, घरात एक माणूस तरी मला फसवत नाय." त्याने डबा उचलायला मला हात लावला, आम्ही तो खड्ड्यात ठेवला, आणि डिकी त्यानेच बंद केली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, उजवा, आणि लहानपणी समजूत काढायचा त्या आवाजात म्हणाला, "आता तू पण माझं मन राखायला लागलास."